फ्लेवोनॉइडची डबी घ्यायचीच, तर आधी उलटी करून वाचा

लासलगावात माझं मेडिकल आहे. कांद्याचा बाजार दुकानापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे येणारं गिऱ्हाईक बहुतेक पाठ, कंबर आणि गुडघ्यांचं. गोण्या वाहणारे हमाल, व्यापाऱ्यांच्या खळ्यावर दिवसभर खाली बसून कांदा निवडणाऱ्या बायका, रात्री ट्रॅक्टर काढून पहाटे लिलावाला आलेले शेतकरी. पूर्वी ही माणसं ‘दुखण्याची गोळी द्या’ एवढंच म्हणायची. आता मोबाइल पुढे करतात. पडद्यावर एक डबी असते, डबीवर डाळिंब, संत्रं आणि हळकुंडाचं चित्र. ‘ताई, ही झाडपाल्याची आहे म्हणे. हिनं किडनीला काही होत नाही ना?’

त्यांची काळजी रास्त आहे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनानेच वर्षानुवर्षं खाऊन पोटात अल्सर झालेली, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेली माणसं मी काउंटरवरून पाहिली आहेत. त्यांनी दुसरा मार्ग शोधणं योग्यच. पण ‘झाडपाल्याची’ या एका शब्दावर विसंबून डबी उघडू नका. कोणत्या दुखण्यावर कोणती डबी, ती किती दिवस घ्यायची, कशासोबत घ्यायची नाही आणि तिनं खरंच काही फरक पडला का हे कसं ओळखायचं, ते इथं सांगते.

फ्लेवोनॉइड म्हणजे झाडांनी स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेल्या रसायनांचं एक मोठं घराणं. जांभळाचा जांभळा रंग, कोकमाचा लाल, कांद्याच्या सालीचा पिवळा, संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागातला कडसरपणा, चहाचा तुरटपणा, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. १९३६ साली हंगेरीतले शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना लिंबू आणि पाप्रिका मिरचीतल्या अशाच पदार्थांमुळे केशवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव कमी होतो असं वाटलं आणि त्यांनी त्याला ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं. पुढे ते नाव मागे पडलं, कारण हा पदार्थ न मिळाल्यानं माणसाला कमतरतेचा आजार होतो असं कुठं दिसलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. फ्लेवोनॉइडची ‘कमतरता भरून काढा’ असं डबीवर लिहिलेलं असेल, तर ती डबी परत ठेवायला हरकत नाही.

दुखणं कुठलं, ते आधी

माझ्याकडे कुणी डबी मागितली की मी आधी विचारते: कुठं दुखतं, कधी दुखतं, किती दिवसांपासून? एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर ती शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिथं गोळी देत नाही, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवते. सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, वजन उतरत असेल, पडल्यावर पाय टेकवत नसेल, शौचावाटे रक्त पहिल्यांदाच दिसलं असेल, तरीही तेच. अशा वेळी दोन महिने कॅप्सूल खात बसणं म्हणजे आजाराला दोन महिने मोकळं रान देणं.

तपासणी झाली, डॉक्टरांनी ‘गुडघ्याची झीज आहे’, ‘शिरा फुगल्यात’, ‘संधिवात आहे’ असं नाव दिलं, की मग डबीचा विचार करायचा. कारण फ्लेवोनॉइड म्हटलं म्हणून सगळे एकच काम करत नाहीत.

सगळ्यात भक्कम बाजू आहे ती डायोस्मिन-हेस्पेरिडिनची. हेस्पेरिडिन संत्र-मोसंबीच्या सालीतलं, डायोस्मिन बहुधा त्यापासूनच तयार केलेलं. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४५० डायोस्मिन आणि ५० हेस्पेरिडिनच्या रूपातले फ्लेवोनॉइड, हे प्रमाण जगभर वापरलं जातं. ही गोळी शिरांसाठी. संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात, घोट्याशी सूज येते, पिंढरीवर निळ्या शिरा वळवळताना दिसतात, त्या त्रासासाठी. दिवसभर उभं राहणारे कंडक्टर, कापड दुकानातले सेल्समन, आमचे हमाल यांच्यात हे दुखणं फार. डॉक्टर बहुधा दिवसाला १००० मिलिग्रॅम लिहितात आणि दोन महिने तरी द्यावे लागतात. मूळव्याध अचानक उसळली तर हीच गोळी वेगळ्या हिशेबानं देतात: पहिले चार दिवस रोज सहा, पुढचे तीन दिवस रोज चार. हा हिशेब डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच चालवायचा. आणि गोळीसोबत पायाला दाबपट्टीचे मोजे, रात्री पायाखाली उशी, हे हवंच. एक हमालदादा वर्षभर नुसत्या गोळ्या नेत होते. मोजे घालायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून सांगायला आले की आता संध्याकाळी चप्पल पायात बसते.

पण हीच डायोस्मिनची गोळी गुडघ्याच्या झिजेसाठी कुणी घेत असेल, तर पैसे वाया.

दुसरी जोडी म्हणजे रुटोसाइड आणि एन्झाइम. ट्रिप्सिन ४८, ब्रोमेलेन ९० आणि रुटोसाइड १०० मिलिग्रॅम अशी गोळी तुम्ही पाहिली असेल. मार लागून आलेली सूज, दाढ काढल्यानंतरची सूज, गुडघ्याची झीज यांवर डॉक्टर लिहून देतात. यातलं रुटोसाइड, म्हणजे रुटिन, हे फ्लेवोनॉइड. ब्रोमेलेन अननसातलं एन्झाइम. गुडघ्याच्या झिजेत सहा आठवड्यांच्या काही चाचण्यांमध्ये या मिश्रणानं डायक्लोफिनॅकच्या जवळपास आराम दिला. चाचण्या लहान होत्या, तरी आशा वाटावी इतकं त्यात निश्चित आहे. मात्र श्रेय रुटिनचं किती आणि एन्झाइमचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. ही गोळी रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास, पाण्यासोबत आख्खी गिळायची. चावली किंवा कुटून दिली तर वरचं आवरण फुटतं आणि पोटातलं आम्ल एन्झाइमला आतड्यापर्यंत पोहोचू देत नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. ट्रिप्सिन बहुधा जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात. शाकाहारी सप्लिमेंटच्या डबीवर हिरवा ठिपका असतो. औषधाच्या पट्टीवर तो असलाच पाहिजे असा नियम नाही. माझी आई माळकरी. तिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी हीच गोळी लिहिली, तेव्हा मी तिला सांगितलं. ती क्षणभर गळ्यातल्या माळेला हात लावून बसली आणि म्हणाली, ‘मग मला ती नको बाई.’ मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी समजून घेतलं, दुसरं काही सुचवलं. ज्याला चालतं त्यानं जरूर घ्यावी, पण ज्याला चालत नाही त्याला ते आधी कळायला हवं. हीच गोष्ट कॅप्सूलच्या टोपणाची. जिलेटिन प्राण्यांचं, ‘एचपीएमसी’ लिहिलं असेल तर वनस्पतीचं.

तिसरं क्वेर्सेटिन. सगळ्यात जास्त जाहिरात याचीच होते आणि आमच्या गावाचं तर त्याच्याशी नातंच आहे, कारण कांदा हा त्याचा मोठा स्रोत. इराणमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आमवाताच्या ५० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन आठ आठवडे दिलं. सकाळचा ताठरपणा आणि दुखणं कमी झालं. पन्नास बायका म्हणजे फार नव्हेत, आणि त्यांची नेहमीची औषधं चालूच होती. म्हणून आमवाताच्या रुग्णानं मेथोट्रेक्सेट सोडून क्वेर्सेटिन धरणं म्हणजे सांधे वाकडे करून घेणं. मूळ औषधाच्या जोडीला, डॉक्टरांना सांगून, एवढीच त्याची जागा.

हळदीचं करक्युमिन फ्लेवोनॉइड नाही. शल्लकी, म्हणजे सालई गुग्गुळ, तोही नाही. दोन्हींवर स्वतंत्र बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ‘फ्लेवोनॉइड कॉम्प्लेक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीत बहुतेक वजन या दोघांचंच असेल, तर तुम्ही काय विकत घेताय ते तुम्हाला ठाऊक असू द्या.

कॅप्सूल उघडून पाहिली तेव्हा

एकदा मुलीला दाखवायला मी क्वेर्सेटिनची एक कॅप्सूल पांढऱ्या कागदावर उघडली. आत लिंबाच्या सालीसारखी पिवळीजर्द पूड. ग्लासभर पाण्यात टाकली. ढवळलं, पुन्हा ढवळलं. पूड वर तरंगत राहिली, थोडी काचेला चिकटली, पाणी मात्र पाणीच. मग तिच्या आजीच्या पानाच्या डब्यातला चुना चिमूटभर घातला, तसा रंग गडद पिवळा होऊन उतरायला लागला. (ही काही शुद्धतेची कसोटी नव्हे, अल्कलीत या घराण्यातल्या पदार्थांचा रंग असाच खुलतो.) मुलगी म्हणाली, ‘पाण्यात विरघळतच नाही, मग पोटात कसं विरघळणार?’

या सगळ्या गोळ्यांची दुखती नस तिनं नेमकी धरली. १९९५ साली नेदरलँड्समध्ये नऊ स्वयंसेवकांवर एक अभ्यास झाला. मोठं आतडं काढलेली ही माणसं होती, त्यामुळे काय शोषलं गेलं आणि काय बाहेर आलं हे मोजता आलं. तळलेल्या कांद्यातलं क्वेर्सेटिन सरासरी ५२ टक्के शोषलं गेलं. नुसतं शुद्ध क्वेर्सेटिन २४ टक्के. रुटिन १७ टक्के. कांद्यात क्वेर्सेटिनला ग्लुकोजची शेपटी जोडलेली असते, ती लहान आतड्याला ओळखीची. रुटिनची साखर वेगळी, ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तोडल्याशिवाय सुटत नाही.

म्हणून क्वेर्सेटिनची कॅप्सूल जेवणात घ्या, उपाशीपोटी नको. ताटात थोडं तेल-तूप असलेलं बरं. रुटोसाइड-एन्झाइमच्या गोळीच्या हे अगदी उलट आहे आणि लोक नेमकी इथंच गल्लत करतात. दोन्ही पट्ट्यांवर मी पेनानं लिहून देते: एकीवर ‘जेवताना’, दुसरीवर ‘जेवणाआधी अर्धा तास’.

आता कांद्याचा हिशेब. शंभर ग्रॅम कांद्यात जातीप्रमाणे साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे सव्वा ते अडीच किलो कांदा. एवढा कोणी खात नाही, तेव्हा कॅप्सूल हा ‘आहार’ नव्हे, तो डोस आहे आणि त्याला औषधाचा मान द्यायला हवा. पण रोजच्या ताटातलंही सोडू नका. लाल आणि पिवळ्या कांद्यात ते भरपूर, पांढऱ्यात नावालाच. बाहेरच्या पाकळ्यांत जास्त, गाभ्यात कमी. खळ्यावर डबल पत्तीचा कांदा भाव खातो तो टिकतो म्हणून. घरी मात्र कांदा सोलताना वाळलेल्या सालीबरोबर पहिली जाड पाकळीही ओरबाडून टाकायची सवय आहे, ती सोडा. उकडलेल्या पाण्यात बरंच उतरतं, ते पाणी आमटीत घाला. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, जांभूळ, कोकम, संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे, हे सगळं त्याच कामाचं.

लेबल

डबीची पुढची बाजू जाहिरात असते. उलटी करा आणि बारीक अक्षरं वाचा. चष्मा नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा.

पहिलं पाहा, हे औषध आहे की सप्लिमेंट. सप्लिमेंटवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. म्हणजे पुढच्या बाजूला गुडघ्याचा लालभडक फोटो आणि मागच्या बाजूला हे वाक्य. दुकानात मी बोट ठेवून दाखवते, तेव्हा अनेकांना नवल वाटतं.

मग प्रमाण. ‘सिट्रस बायोफ्लेवोनॉइड्स ५०० मिलिग्रॅम’ एवढ्यावर समाधान मानू नका, त्यात हेस्पेरिडिन किती हे लिहिलेलं हवं. ‘ब्लेंड’ म्हणून सात वनस्पतींची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलं असेल, तर ज्याच्यासाठी तुम्ही पैसे देताय तो घटक चिमूटभरही असू शकतो. अशी डबी मी विकायलाच ठेवत नाही. ‘सर्व्हिंग साइज २ कॅप्सूल’ हेही बघा. समोर १००० लिहिलेलं असतं, ते दोन कॅप्सूलचं मिळून. साठची डबी मग तीसच दिवस पुरते. आणि ‘क्वेर्सेटिन डायहायड्रेट ५०० मिलिग्रॅम’ असेल तर त्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं, प्रत्यक्ष क्वेर्सेटिन साधारण ४४७ मिलिग्रॅम. यात फसवणूक नाही, पण दोन डब्यांची तुलना करताना हे धरलं पाहिजे.

‘अँटिऑक्सिडंट पॉवर’, ‘ओआरएसी इतके हजार’ असले आकडे दिसले तर त्यांना किंमत देऊ नका. ओआरएसी ही परीक्षानळीतली मोजणी. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या अशा आकड्यांची आपली यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण नळीतली ताकद शरीरात तशी उतरत नाही आणि कंपन्या ते आकडे जाहिरातीला वापरत होत्या. फ्लेवोनॉइड रक्तात पोहोचतात तेच इतके थोडे आणि इतके बदललेल्या रूपात, की क जीवनसत्त्व किंवा रक्तातलं युरिक ॲसिड यांच्यापुढे त्यांचं अँटिऑक्सिडंट बळ नगण्य ठरतं. त्यांचा उपयोग होत असेल तर तो दाह वाढवणाऱ्या पेशींच्या संदेशांना आवर घालून, असं आता मानतात. आणि अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती, तिचा निकाल १९९४ साली आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. बीटा-कॅरोटीन फ्लेवोनॉइड नव्हे, पण विडी ओढत ‘अँटिऑक्सिडंट’ मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

कोणी घेऊ नये

हा भाग सावकाश वाचा. यात माझ्या घरचं दुःख आहे.

सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन चालू. आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचं माप, अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा, दर महिन्याला तपासणी. एका नातेवाइकानं प्रेमानं सांधेदुखीची कॅप्सूल मागवून दिली. क्वेर्सेटिन, करक्युमिन, मिऱ्यातलं पायपेरिन, ब्रोमेलेन, आणखी तीन घटक. त्यांनी मला सांगितलं नाही, कारण ‘ते काही औषध नाही’. तीन आठवड्यांनी सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. आयएनआर सहाच्या वर. दवाखान्यात दोन रात्री काढल्या, वाचले. डॉक्टरांनी विचारलं, ‘नवीन काय सुरू केलंय?’ तेव्हा सासूबाईंनी उशीखालची डबी काढून दिली. सात घटकांपैकी नेमक्या कोणी घात केला हे कोणालाच सांगता आलं नाही. मी रोज शेकडो लोकांना औषधं समजावते आणि माझ्याच घरात ती डबी तीन आठवडे होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा वॉरफॅरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय यातलं काहीही नको. मूत्रपिंड बदललेल्यांना सायक्लोस्पोरिन चालू असतं, त्यांनाही नको. कर्करोगाचा उपचार चालू असताना नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी नको. पायपेरिन तर फिटच्या फेनिटोइनसारख्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. बेंगळुरूतल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की २० मिलिग्रॅम पायपेरिनसोबत करक्युमिनचं शोषण कित्येक पटींनी वाढतं. कंपन्या त्याची जाहिरात करतात, पण जे करक्युमिनला आत ढकलतं ते इतर औषधांनाही ढकलू शकतं, हे डबीवर नसतं.

रक्त कमी असलेल्या बायका माझ्याकडे रोज येतात, लोहाच्या गोळ्या चालू असतात. फ्लेवोनॉइड लोहाला धरून ठेवतात, दोघांत दोन तासांचं अंतर हवं. चहाबरोबर लोह घ्यायचं नाही तेही याचसाठी. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी, आणि सोयाचे आयसोफ्लेवोन असतील तर चार तासांनंतर. दुपारच्या जेवणात क्वेर्सेटिन ठेवलं की बहुतेकांचं वेळापत्रक आपोआप सुटतं.

यकृताकडे लक्ष ठेवा. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबद्दल युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलं की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य फ्लेवोनॉइड) सप्लिमेंटमधून घेतलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. कपातला चहा वेगळा, अर्काची कॅप्सूल वेगळी, आणि रिकाम्या पोटी घेतली तर धोका जास्त.

दुसरं उदाहरण तर थेट सांधेदुखीचं आहे आणि त्याचा धागा आपल्या खैराच्या झाडाशी जुळतो. खैराच्या गाभ्यातून कात निघतो. कातकरी हे नावही त्यावरूनच पडलं आणि चिपळूणकडे आजही काताचे कारखाने आहेत. कॅटेचिन या फ्लेवोनॉइडचं नाव कातावरूनच आलेलं. हे खैराचं कॅटेचिन आणि चिनी स्कलकॅप मुळीतलं बायकॅलिन एकत्र करून ‘फ्लेवोकॉक्सिड’ नावाचं उत्पादन अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेसाठी विकलं जात होतं. काही रुग्णांच्या यकृताला आणि फुप्फुसांना इजा झाल्याचं पुढे आलं. २०१७ च्या अखेरीस तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, लोकांना ते थांबवायला सांगितलं आणि २०१८ च्या सुरुवातीला ते बाजारातून परत घ्यावं लागलं. पानातला कात खाऊन हे होतं असं मी म्हणत नाही. अर्क म्हणून, डोस म्हणून, महिनोन्महिने घेतलेली वनस्पती ही औषधासारखीच वागते, इतकं त्यातून कळतं.

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, काळं शौच, हिरड्यांतून रक्त, नवा कोरडा खोकला किंवा दम, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी थांबवा आणि डबी घेऊन दवाखान्यात जा.

गुण आला की नाही, हे कसं बघायचं

आईनं मला हे शिकवलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून आम्ही चिंचोके घेतले. रोज रात्री झोपताना दुखण्याइतके, शून्य ते दहा, चिंचोके ती वाटीत टाकायची आणि सकाळी मी कॅलेंडरवर आकडा लिहायची. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर क्वेर्सेटिन ५०० सुरू केलं, दुपारच्या भाकरीसोबत. पहिले दोन दिवस सात चिंचोके, मग सहा, महिनाभरात चारवर आले. घरात आनंद झाला. भावानं लगेच तीन डब्या मागवायची तयारी केली.

मी म्हटलं, थांबा. कारण त्याच आठवड्यात आम्ही तिला खळ्यावर खाली बसण्याऐवजी बुटकं लाकडी स्टूल नेऊन दिलं होतं. मग आठ आठवडे पूर्ण करून कॅप्सूल दोन आठवडे बंद ठेवली, स्टूल चालू. चिंचोके चारच राहिले. एका दिवशी स्टूल दुसऱ्या बाईनं नेलं आणि आई दिवसभर खाली बसली, त्या रात्री वाटीत आठ. कॅप्सूल आम्ही पुन्हा सुरू केली नाही. ते स्टूल आता रात्री घरी येतं.

तुमच्याकडे उत्तर वेगळं येऊ शकतं, पण रीत हीच ठेवा. गोळी सुरू करण्याआधी एक आठवडा नुसतं दुखणं लिहा. आमचा हाच आठवडा राहून गेला होता. नुसतं ‘दुखतं’ लिहू नका, एक ठरलेलं काम धरा: जिना उतरताना किती, सकाळी उठल्यावर सांधे किती मिनिटांनी मोकळे झाले, ओट्याशी किती भाकऱ्या होईपर्यंत उभं राहवलं. मग एकच गोष्ट बदला. नवी गोळी सुरू केली त्या महिन्यात नवं तेल, नवा व्यायाम, नवा पट्टा नको. एकच घटक असलेली डबी घ्या, म्हणजे गुण आला तरी आणि त्रास झाला तरी कोणामुळे ते कळेल. सहा ते आठ आठवडे द्या, मग दोन आठवडे बंद ठेवून बघा. बंद केल्यावर दुखणं परत वाढलं, तर डॉक्टरांशी बोलून पुढे चालू ठेवायला अर्थ आहे. आकडा हललाच नाही, तर डबीला राम राम. मात्र ही बंद ठेवायची रीत डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांना लावायची नाही, ती फक्त स्वतःहून घेतलेल्या सप्लिमेंटसाठी.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं किंवा कुठलंही ऑपरेशन असेल, तर सप्लिमेंट दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना नाव सांगा. पावसाळ्यात डबीतली ती छोटी पुडी फेकू नका, झाकण घट्ट लावा, ओट्याच्या वर ठेवू नका, तिथं वाफ असते. ओलसर होऊन गोळा झालेली पूड घेऊ नका.

आणि डॉक्टरांकडे जाताना ‘एक पिवळी कॅप्सूल घेतो’ असं न सांगता डबीच पिशवीत टाका. सासऱ्यांच्या फाइलच्या आतल्या कव्हरवर आता एक कागद चिकटवलेला आहे. वर औषधं, खाली रेघ मारून ‘औषध नसलेलं, पण पोटात जाणारं’. दर महिन्याला आयएनआरला निघताना सासूबाई तो मला वाचून दाखवतात, मगच रिक्षा बोलावतात.